वैडूर्य, बिलोर आणि बेरिलियम : एका रत्ननामाचा प्रवास

२०२३ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने खाणी व खनिजे यांविषयीच्या १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि सहा खनिजगट ‘आण्विक खनिजां’च्या बंदिस्त यादीतून बाहेर काढले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात केंद्रीय खाण मंत्रालयाने देशाच्या दृष्टीने अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी प्रसिद्ध केली होती. दोन्ही ठिकाणी लिथियमचा बराच गाजावाजा झाला. त्याच्या शेजारी बसलेल्या बेरिलियमकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक, बेरिलियम या नावाचा माग काढू लागल्यास आपण पॅरिसच्या प्रयोगशाळेतून रोममध्ये, रोममधून अथेन्समध्ये आणि तेथून थेट तमिळनाडूतल्या नोय्यल नदीच्या काठावर येऊन पोहोचतो. वाटेत पाणिनी भेटतो, पतंजली भेटतो आणि आपल्या आजीच्या पेटीतला बिलोरी आरसाही भेटतो.

बेरिलियम हे नाव ‘बेरिल’ या खनिजावरून पडले. बेरिल म्हणजे बेरिलियम आणि ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट. त्याच्या रासायनिक सूत्रात बेरिलियमचे ३, ॲल्युमिनियमचे २, सिलिकॉनचे ६ आणि ऑक्सिजनचे १८ अणू असतात. शुद्ध बेरिल रंगहीन असते. त्यात अल्प प्रमाणात लोह आले की ते समुद्राच्या पाण्यासारखे निळसर-हिरवे किंवा पिवळे दिसते; क्रोमियम किंवा व्हॅनेडियम आले की गर्द हिरवे होते आणि मग आपण त्याला पाचू म्हणतो. त्याचे स्फटिक षट्कोनी प्रचिनाच्या आकाराचे, पुष्कळदा लांब कांडीसारखे वाढतात. ही ‘कांडी’ वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती दोनदा साक्षीला येणार आहे.

‘बेरिल’ हे रूप लॅटिन ‘बेरिल्लुस’चे व ते ग्रीक ‘बेरुल्लोस’चे. येथपर्यंत युरोपातल्या कोणत्याही शब्दकोशात सापडते. ग्रीकांनी मात्र हा शब्द स्वतः घडवलेला नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ‘निसर्गेतिहास’ या प्रचंड ग्रंथाच्या शेवटच्या, म्हणजे ३७ व्या भागात रत्नांचा परामर्श घेतला आहे. बेरिल भारतात होते व अन्यत्र क्वचितच आढळते, असे तो स्पष्ट सांगतो. पाचू आणि बेरिल यांचा स्वभाव एकच असावा, असे काही लोकांचे मत असल्याचेही तो नोंदवतो. आणखी एक मजेदार गोष्ट त्याने लिहून ठेवली आहे. भारतीयांना या खड्याच्या लांबीचे विशेष कौतुक असते; म्हणून ते त्याला पैलू पाडून अंगठीत बसवण्याऐवजी लांब नळकांडीच ठेवतात, भोके पाडून हत्तीच्या केसांत ओवतात, आणि सोन्याच्या कोंदणावाचून शोभणारे हेच एक रत्न आहे असे सांगतात. त्याच भारतीयांनी स्फटिकाला रंग देऊन नकली बेरिल बनवण्याची विद्याही साधली आहे, हे सांगायलाही तो विसरत नाही. रोमन ग्राहकाची ही तक्रार आजच्या ग्राहकालाही ओळखीची वाटेल.

माल भारताचा, तर नावही भारताचेच असणार. पाली वाङ्मयात या रत्नाला ‘वेळुरिय’ म्हटले आहे. प्राकृतात ‘वेरुलिय’ असे रूप मिळते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘वैडूर्य’ या संस्कृत शब्दाचे प्राकृत रूप म्हणून ‘वेरुलिअ’ची मुद्दाम नोंद केली आहे. ‘वेरुलिय’ आणि ‘बेरुल्लोस’ हे शब्द शेजारी ठेवले की व्यंजनांचा क्रमही जुळतो : आधी र, मग ल. ग्रीकांच्या कानी पडला तो पंडितांचा संस्कृत शब्द नसून व्यापाऱ्यांच्या तोंडचा प्राकृत शब्द होता, हे यावरून उघड होते. (‘वेरुलिय’ पाहून मराठी वाचकाला वेरूळ आठवेल. हा मोह आवरावा; नुसते ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे.)

आता प्रश्न संस्कृत शब्दाचा. हा शब्द ‘वैडूर्य’ आणि ‘वैदूर्य’ असा दोन्ही प्रकारे लिहिलेला आढळतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात त्याची व्युत्पत्ती देण्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले आहे. विदूर नावाच्या स्थानी जे उत्पन्न होते ते वैदूर्य, असा त्याचा आशय. एखाद्या खनिजाच्या नावासाठी जगातल्या सर्वांत काटकसरी व्याकरणाने एक अख्खे सूत्र खर्च करावे, यातच त्या शब्दाचे त्या काळचे महत्त्व दिसते.

परंतु इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात या सूत्रावर लिहिताना एक अडचण उपस्थित केली. हे रत्न विदूरात उत्पन्न होतच नाही, ते वालवाय नावाच्या पर्वतात सापडते; विदूरात त्याच्यावर केवळ संस्कार होतो, म्हणजे ते घडवले व उजळले जाते. मग सूत्र खोटे ठरते काय? पतंजलीने सुचवलेल्या उत्तरांपैकी एक फार गोड आहे. व्यापारी जसे वाराणसीला आपसांत ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण त्या पर्वताला विदूर म्हणत असतील!

पाणिनीच्या बचावासाठी केलेली ही खटपट बाजूला ठेवली, तरी त्या चर्चेतून इतिहासाला दोन मोलाच्या गोष्टी मिळतात. एक : दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या देशात खाण एकीकडे आणि घडवण्याचे केंद्र दुसरीकडे अशी व्यवस्था होती व लोकांना तिची जाणीव होती. दोन : मालाला नाव मिळते ते बहुधा घडवणाऱ्या किंवा विकणाऱ्या गावाचे, खाणीचे नाव मागे पडते.

भाषाशास्त्रज्ञ याहून एक पाऊल पुढे जातात. त्यांच्यापैकी अनेकांच्या मते ‘वेळुरिय’ हेच मूळच्या जवळचे रूप असून ‘वैडूर्य’ हा त्याला नंतर चढवलेला संस्कृत साज आहे. येथे मराठी वाचकाला एक सोय आहे, ती म्हणजे आपला ‘ळ’. दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘ड’चा ‘ळ’ होणे ही वैदिक भाषेपासून चालत आलेली गोष्ट आहे. ‘ईडे’ आणि ‘ईळे’ ही एकाच क्रियापदाची रूपे. तेव्हा ‘वेळुरिय’ ऐकणाऱ्या संस्कृतज्ञाने त्यातील ‘ळ’ परत ‘ड’ करून ‘वैडूर्य’ घडवले असेल, आणि मग ‘ड’चा ‘द’ करून त्याला विदूर हे गाव शोधून दिले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. या ‘वेळुरिय’चे मूळ दक्षिणेत शोधले जाते. द्राविड भाषांत ‘वेळ्’ या धातूभोवती शुभ्रता व तेज यांचा अर्थ आहे. चांदीला तमिळमध्ये ‘वेळ्ळि’ आणि कन्नडमध्ये ‘बेळ्ळि’ म्हणतात. दक्षिणेतल्या वेलूर किंवा बेलूर अशा एखाद्या ग्रामनामाशीही शब्दाचा संबंध जोडला जातो. यांतला नेमका कोणता धागा खरा, याबाबत एकमत नाही. मात्र शब्द द्राविड प्रदेशातून आला असावा या मताला आज बरेच वजन आहे.

व्युत्पत्तीच्या बाबतीत भूगर्भाची साक्ष क्वचितच काढता येते. येथे ती काढता येते. प्राचीन जगाला ठाऊक असलेले भारतीय बेरिल प्रामुख्याने कोइमतूरच्या आसमंतातले, म्हणजे ज्याला तमिळ लोक कोंगू प्रदेश म्हणतात तिथले. कांगेयमजवळच्या पडियूर या गावी पेग्मटाइट खडकांत निळसर-हिरवे बेरिल मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रजाने तेथे खाण चालवून रत्ने काढल्याची नोंद आहे. तेथून फार दूर नसलेल्या, नोय्यल नदीकाठच्या कोडुमणल या गावी १९८० च्या दशकापासून झालेल्या उत्खननांत बेरिल, स्फटिक, अकीक यांचे मणी, अर्धवट घडलेले दगड आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे सापडली. संघकाळातल्या ‘पदिट्रुप्पत्तु’ या काव्यसंग्रहात कोडुमणम् या गावाचा उल्लेख रत्नांसाठीच येतो. हे गाव पालघाट खिंडीतून केरळच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर वसले होते, आणि त्याच पट्ट्यात रोमन नाण्यांचे साठे मोठ्या संख्येने मिळालेले आहेत. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने दक्षिण भारतातील ‘पुन्नाट’ या स्थळापुढे ‘येथे बेरिल मिळते’ अशी टीप दिली आहे. प्लिनीने वर्णिलेला माल, पतंजलीने सांगितलेली खाण व कारखाना यांची विभागणी आणि कोडुमणलचे अर्धे घडलेले मणी यांचा मेळ बसतो. पतंजलीचा वालवाय म्हणजेच हा प्रदेश, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. व्यवस्था मात्र तीच दिसते.

येथे चौकस विद्यार्थी विचारील की, आपल्या पंचांगात आणि सराफाच्या दुकानात वैडूर्य म्हणजे लसण्या. मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी रेघ हलताना दिसते तो खडा. मग ते बेरिल कसे?

शंका अगदी रास्त आहे. नवरत्नांतला वैडूर्य, केतूचे म्हणून सांगितले जाणारे रत्न, हा आज क्रिसोबेरिल जातीचा लसण्या असतो. त्या खनिजात सिलिकॉन नसतेच. बेरिलियम व ॲल्युमिनियम यांचे ते ऑक्साइड आहे. ते बेरिलहून कठीण आणि जड असते. आतल्या अतिसूक्ष्म, समांतर सुयांवरून वा पोकळ नळ्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती रेघ उमटते. सहावे शतक व त्यानंतरच्या रत्नपरीक्षाग्रंथांत वैडूर्याला मोराच्या कंठाची, बांबूच्या पानाची आणि मांजराच्या डोळ्याची उपमा मिळू लागते. हळूहळू शेवटची उपमाच लक्षण होऊन बसली.

त्यापूर्वीचे पुरावे निराळे बोलतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घेण्याच्या रत्नांची परीक्षा दिली आहे. तेथे वैडूर्याचे प्रकार रंगांवरून सांगितले आहेत : निळ्या कमळाच्या रंगाचे, शिरीषाच्या फुलासारखे, पाण्याच्या रंगाचे, बांबूच्या रंगाचे, पोपटाच्या पिसाच्या रंगाचे. यातले ‘उदकवर्ण’ म्हणजे पाण्याच्या रंगाचे वैडूर्य आणि युरोपीय जोहऱ्यांचे ‘अ‍ॅक्वामरीन’ अर्थात समुद्रजल, ही दोन नावे एकाच खड्याला दोन टोकांना स्वतंत्रपणे सुचलेली दिसतात. (त्याच यादीत पुष्यराग आणि गोमेदक हेदेखील वैडूर्याचेच पोटप्रकार म्हणून येतात. आज ती स्वतंत्र रत्ने मानली जातात. जुन्या ग्रंथातले रत्ननाम पाहून त्यावर आजचे खनिजनाम बिनदिक्कत चिकटवणाऱ्यांनी ही ओळ अवश्य पाहावी.) दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात एक उपमा आहे : स्वच्छ, पारदर्शक, अष्टपैलू, उत्तम घडवलेला वैडूर्यमणी, आणि त्यात ओवलेला निळा, पिवळा, तांबडा किंवा पांढरा दोरा बाहेरून स्पष्ट दिसतो. लसण्यात हे व्हायचे नाही. त्याची किंमतच त्याच्या आतल्या धुक्यावर ठरते. भोक पाडलेला, ओवलेला आणि आरपार दिसणारा मणी हे वर्णन बेरिलचे आहे, आणि प्लिनीच्या हत्तीच्या केसांत ओवलेल्या खड्यांशी ते तंतोतंत जुळते.

आता ती कांडी. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात नवजात पार्वतीमुळे शोभणाऱ्या मातेला विदूरभूमीची उपमा दिली आहे. नव्या मेघांच्या गर्जनेने त्या भूमीतून ‘रत्नशलाका’ उगवून येते, असा संकेत तेथे आहे. शलाका म्हणजे कांडी, सळई. मेघगर्जनेने रत्न उगवते ही कविकल्पना. पण वैडूर्य जमिनीतून कांडीच्या रूपात निघते हे निरीक्षण कोणा खाणकाऱ्याचे असले पाहिजे. पावसाने माती वाहून गेली की उघड्या पडलेल्या षट्कोनी कांड्या दिसत असणार, म्हणून मेघांचा संबंध आला असावा, असे मला वाटते.

एका नावाने इतके अंगरखे बदललेले क्वचित पाहायला मिळतात. बौद्ध भिक्षूंबरोबर हे नाव उत्तरेस व पूर्वेस गेले. चीनमध्ये ‘वेळुरिय’चे ‘लिउली’ झाले आणि तो शब्द पुढे काचेला व झिलईला लागू झाला. जपानमध्ये ‘रुरी’ म्हणजे गडद निळे रत्न. तिबेटात वैडूर्य म्हटले की बहुधा लाजवर्द डोळ्यांसमोर येतो. भैषज्यगुरू बुद्धाची निळी मूर्ती त्या रंगाची, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सांग्ये ग्यात्सो याने लिहिलेल्या वैद्यकग्रंथाचे नावच ‘निळे वैडूर्य’. एकाच नावाने हिरवे बेरिल, निळा लाजवर्द, काच आणि लसण्या असे चार निरनिराळे पदार्थ ओळखले गेले.

पश्चिमेकडची शाखा आपल्याला अधिक जवळची आहे. अरबी-फारसीत या शब्दकुळातून ‘बिल्लौर’ आला आणि त्याचा अर्थ पारदर्शक स्फटिक, उत्तम काच असा झाला. फारसीबरोबर तो मराठीत उतरला : बिलोर, बिलोरी आरसा, बिलोरी झुंबर. म्हणजे ‘वैडूर्य’ आणि ‘बिलोरी’ हे एकाच घरातले दोन शब्द. एक कधी घराबाहेर पडला नाही. दुसरा पश्चिमेची वारी करून दख्खनला परतला तो इतका बदलून की घरच्यांनी त्याला परका म्हणून ओवाळून घेतले.

युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे आले. निर्दोष काच दुर्मिळ असल्याने भिंगे स्फटिकासारख्या पारदर्शक खड्यांची घासत, आणि जर्मन बोलीत अशा खड्यांना ‘बेरिल्ले’ म्हणत. आज जर्मन माणूस चष्म्याला ‘ब्रिलं’ म्हणतो ते त्यामुळे. डच भाषेतला ‘ब्रिल’ही तोच. १४५८ मध्ये निकोलस ऑफ कूझा या तत्त्वज्ञाने ‘बेरिलविषयी’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला, तो रत्नांवर नाही. बुद्धीच्या चष्म्यावर आहे.

याच्या उलट प्रवास पाचूच्या नावाने केला. संस्कृत ‘मरकत’ आणि ग्रीक ‘स्माराग्दोस’ ही एकाच कुळातली नावे असून ती पश्चिम आशियातून भारतात आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमनांना पाचू मिळे इजिप्तच्या पूर्व वाळवंटातून. म्हणजे एकाच खनिजाच्या निळसर रूपाचे नाव आपण निर्यात केले आणि हिरव्या रूपाचे नाव आयात केले. ही दोन्ही एकच आहेत, हे प्लिनीच्या काळचे अनुमान सिद्ध व्हायला १७९८ साल उजाडावे लागले. फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ आउई याला पाचू व बेरिल यांच्या स्फटिकांची घडण एकसारखी दिसली. त्याच्या सांगण्यावरून वोक्लँ याने दोहोंचे पृथक्करण केले. दोन्हींत त्याला एक अनोळखी ‘माती’, म्हणजे ऑक्साइड, सापडली. तिचे क्षार चवीला गोड लागत, म्हणून फ्रान्समध्ये तिला गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ग्लुसिन’ नाव मिळाले. (त्या काळी रसायनशास्त्रज्ञ चव घेऊन पाहत. विद्यार्थ्यांनी हे अनुकरण कदापि करू नये. बेरिलियमची संयुगे विषारी आहेत आणि त्यांची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.) जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट याने आक्षेप घेतला की इतर काही धातूंचे क्षारही गोडच असतात, तेव्हा नाव खनिजावरूनच असावे. १८२८ मध्ये व्योलर आणि ब्युसी यांनी स्वतंत्रपणे हा धातू वेगळा केला. त्यानंतरही शंभरावर वर्षे ग्लुसिनम व बेरिलियम ही दोन नावे चालू राहिली. १९४९ मध्ये आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने बेरिलियमच्या बाजूने कौल दिला आणि कोंगू प्रदेशातला तो जुना शब्द आवर्तसारणीच्या चौथ्या घरात कायमचा जाऊन बसला.

‘बेरिलियम हे नाव संस्कृत आहे’ असे वाक्य समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते. ते सपशेल खोटे नाही, पण फार घाईचे आहे. ग्रीकांनी घेतले ते प्राकृत, त्यामागे बहुधा द्राविड, आणि संस्कृतातले रूप हे त्याच शब्दाचे विद्वानांनी केलेले भाषांतर. संस्कृतवर थांबलो तर पतंजलीने ज्यांची आठवण ठेवली ते वालवायचे खाणकारी आणि विदूरचे कारागीर पुन्हा एकदा यादीतून गळतात.

धातू म्हणून बेरिलियमचे काम विलक्षण आहे. ॲल्युमिनियमहून तो एकतृतीयांशाने हलका आणि पोलादाहूनही ताठ. १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉनचा शोध लावला तो बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करून. न्यूट्रॉन परावर्तित करण्याच्या गुणामुळे अणुभट्ट्यांत त्याला स्थान मिळाले, आणि म्हणूनच स्वतंत्र भारताने बेरिलला आण्विक खनिज मानून दशकानुदशके सरकारच्या हाती ठेवले. भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियम प्रकल्प नवी मुंबईत वाशी येथे आहे. २०२३ च्या दुरुस्तीने या खनिजाचा शोध आणि उत्खनन खासगी उद्योगांनाही खुले झाले. राजस्थान, झारखंड, आंध्र प्रदेश येथील पेग्मटाइट पट्ट्यांत आता कोण काय शोधून काढतो ते दिसेलच.

डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटर व्यासाचा मुख्य आरसा बेरिलियमचा आहे. शून्याखाली दोनशे वीस अंशांहूनही अधिक थंडीत त्याचा आकार बिघडत नाही, म्हणून त्याची निवड झाली. आरशाचे तुकडे १८, आणि प्रत्येक षट्कोनी, त्या कांडीच्या छेदासारखा. अर्थात हा योगायोग, कारण एकमेकांना घट्ट जुळण्यासाठी तो आकार निवडला आहे. वैडूर्याला सोन्याचे कोंदण नको असते, असे भारतीयांनी रोमनांना सांगितले होते. या बिलोरी आरशावर मात्र सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा मुलामा दिलेला आहे, कारण अवरक्त किरण परतवण्यात सोन्याची बरोबरी करणारे फार थोडे.